सम्यक स्मृती घरातही हवी

सम्यक स्मृती म्हटले की विहारात डोळे मिटून बसलेली माणसे आपल्याला आठवतात. इगतपुरीच्या धम्मगिरीवर दहा दिवस मौन पाळून आलेले कितीतरी बांधव आपल्या वस्त्यांत आहेत. चांगलीच गोष्ट आहे. पण घरी पत्नी काही सांगू लागली की नजर मोबाईलवर आणि तोंडी नुसते 'हं, हं'! श्वासाकडे लक्ष देता येते, मग दिवसभर राबलेल्या पत्नीच्या चेहऱ्याकडे का देता येऊ नये?

अंगुत्तर निकायात भग्ग देशातील नकुलपिता व नकुलमाता या उपासक दांपत्याची हकिकत आहे. नकुलपिता फार आजारी पडला. त्याच्या मनात काय सलत असेल हे पत्नीने ओळखले आणि एकेक चिंता दूर केली. मी सूत कातण्यात, लोकर पिंजण्यात तरबेज आहे, मुले सांभाळीन, घर चालवीन. दुसरा घरोबा करणार नाही. भगवंतांच्या व संघाच्या दर्शनाला जातच राहीन. शील सोडणार नाही. तेव्हा काळजीत जीव अडकवू नका, असे तिने सांगितले. त्याचा आजार उतरला. पुढे तो काठी टेकत भगवंतांकडे गेला, तेव्हा अशी पत्नी लाभली हे तुझे भाग्य, असे त्यांनी त्याला सांगितले.

तिने आधी पोटापाण्याचे बोलून घेतले, हे मला फार मोलाचे वाटते. आपल्याकडेही नवऱ्याच्या गप्प बसण्यामागे कर्जाचा हप्ता, मुलाची फी, सुटलेले कंत्राटी काम असते. घरात तो बोलत नाही, कोणी विचारत नाही. मग तो गुत्त्यावर बोलतो.

पण ओळखण्याचे काम एकट्या बाईचे नव्हे. दहा बाय बाराच्या खोलीत सासू, मुले झोपलेली. दिवा मालवल्यावर काय तो एकांत. दिवसभर एक शब्द नाही आणि रात्री मात्र हक्क! तिचे अंग दुखते का, तिची इच्छा आहे का, हे कोण विचारतो? याविषयी विहारात कोणी बोलत नाही. बोलायला हवे. तिसरे शील म्हणजे परस्त्रीपासून दूर राहणे, एवढेच आपण धरून बसलो. सिगालोवाद सुत्तात पतीची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. त्यांत पत्नीचा मान राखणे पहिले, तिचा अवमान न करणे दुसरे. व्यभिचार न करणे त्यानंतर येते. हा मान दिवा मालवल्यावर संपतो, असे तिथे कुठेही म्हटलेले नाही. बाबासाहेबांनीही २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत सांगितले होते की, लग्न झालेल्या मुलीने नवऱ्याची मैत्रीण आणि बरोबरीची म्हणून उभे राहावे, दासी होऊ नये.

संध्याकाळच्या वंदनेनंतर मोबाईल फळीवर ठेवून दोघांनी दहा मिनिटे दाराशी बसावे. एकाने बोलावे, दुसऱ्याने मध्ये तोडू नये, उपाय सांगण्याची घाई करू नये. रात्री जवळ जाण्याआधी 'दमलीस का?' एवढे विचारावे. 'हो' म्हणाली तर तोंड न फुगवता झोपावे. पहिले चार दिवस काय बोलावे ते सुचणार नाही. बायको हसेल, शेजारीणही डोकावून जाईल. पाचव्या दिवशीही बसावे.