मूठ वळत नाही

दर्यापूरच्या पुढं, पूर्णेकाठच्या काळ्या रानात दव उडालं तशा बाया पाथ धरून वेचणीला लागल्या. अंगठा आणि दोन बोटं बोंडात शिरतात, वाळलेल्या पाकळ्यांची टोकं चुकवतात, चार-पाच कप्प्यांतला कापूस एका ओढीत काढतात आणि पत्ती लागू न देता ओटीत टाकतात. कडेच्या तासातल्या मावशीला मात्र एकेका बोंडाला दोनदा हात घालावा लागत होता. बोटं अर्धीच मिटायची. राहिलेला कापूस ती मनगटाच्या हिसक्यानं काढायची, आणि दर हिसक्याला ओठ दाबायची.

२०२४च्या पावसाळ्यात तिला चिकनगुनिया झाला. ताप पाच दिवसांत गेला. ही त्यानंतरची दुसरी वेचणी.

"सकायी मूठच वयत नाई भाऊ. चुलीपाशी हात शेकले का मंग बोटं उघडतेत."

ताप उतरतो, पण बोटं, मनगटं, घोटे यांचं दुखणं काहींच्या वाट्याला महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं येतं. चिकनगुनियाच्या विषाणूवर नेमकं औषध नाही. सूज आवरणारी औषधं मात्र आहेत. तीन महिन्यांपुढं सांधे सुजलेले राहिले, तर संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवायलाच हवं. गावात 'ते राहतेच' म्हणून सोडून देतात, याचं मला फार वाईट वाटतं. अमेरिकेतल्या लाइम गावी १९७५च्या सुमारास मुलांचे गुडघे सुजू लागले. तिथल्या आया गप्प बसल्या नाहीत, म्हणून गोचिडीमुळं होणारा तो आजार ओळखला गेला. त्यातही जंतू मेल्यावर काहींचा थकवा आणि सांधेदुखी मागं उरते.

हा खारपाणपट्टा. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, नळ काही दिवसांआड येतो. म्हणून दारोदारी ड्रम, टाक्या, रांजण. त्याच साठवलेल्या गोड्या पाण्यात चिकनगुनिया पसरवणारा एडिस डास वाढतो, आणि चावतो दिवसा. आठवड्यातून एकदा भांडं रिकामं करून घासा, असं सांगितलं जातं. "पाणी फेकाचं कसं?" मावशीनं मला विचारलं. माझ्यापाशी घट्ट झाकणापलीकडं उत्तर नव्हतं.

दुपारी गाठोडी काट्यावर चढली. मजुरी किलोवर. शेजारणीचं ३८ भरलं, मावशीचं २१.

"पयले माहं पन्नास जाये."

कापूस ढिगावर ओतायचा होता. गाठोड्याची गाठ तिला सुटेना. सुनेनं पुढं होऊन सोडली.