डोक्यावरची सूज आणि न बोललेली दुखापत
(लेखमाला ‘कळा ते कूस’ : भाग ९)

कळा देऊन आई थकली आहे, बाळाचे ठोके मंदावताहेत, गर्भाशयाचं तोंड पूर्ण उघडलंय आणि डोकं बरंच खाली आलंय, अशा वळणावर मागचा भाग थांबला होता. आता बाळाला ओढून बाहेर काढण्यासाठी डॉक्टर व्हॅक्यूम किंवा चिमटा (फोर्सेप्स) मागवतात. घरच्यांना धडकी भरते. पण इतक्या खाली उतरलेलं डोकं सिझर करून वर काढणं आईला आणि बाळाला दोघांनाही जड जाऊ शकतं, म्हणून ही साधनं अजून टिकून आहेत.

व्हॅक्यूमची वाटी मागच्या टाळूच्या सुमारे ३ सेंटिमीटर पुढे, मधल्या सांध्यावर बसायला हवी. तिथे बसली की बाळाची हनुवटी छातीला लागते आणि डोकं कमीत कमी जागेतून बाहेर येतं. चुकीच्या जागी बसली, तर वाटी निसटत राहते. तीनेक वेळा ओढूनही डोकं सरकत नसेल, तर थांबावं. व्हॅक्यूम फसला म्हणून लगेच चिमटा लावला, की इजेचा धोका आणखी वाढतो. कसबी हात ओळखायचा तो थांबण्यावरून, असं मला ठामपणे वाटतं.

वाटीखालचा फुगवटा एक-दोन दिवसांत ओसरतो. कवटीच्या एकाच हाडावर, त्याच्या आवरणाखाली रक्त साचलं, तर ती गाठ काही आठवडे राहते आणि कावीळ वाढवू शकते. एरवी सहसा निरुपद्रवी. खरी भीती सबगॅलियल रक्तस्रावाची. हे रक्त त्या आवरणाच्याही वर, सैल जागेत उतरतं आणि भुवयांपासून मानेपर्यंत पसरू शकतं. ३ किलोच्या बाळाच्या अंगात रक्त असतं जेमतेम २५० मिलिलिटर, म्हणजे एक पेलाभर. त्यातलं बरंचसं इथे मुरू शकतं. म्हणून पहिले काही तास टोपी काढून डोकं पुन्हा पुन्हा हातानं चाचपावं लागतं. सूज लिबलिबीत असेल, कानामागे सरकत असेल, बाळ फिकट पडलं असेल किंवा दूध ओढत नसेल, तर क्षणभरही थांबू नका. आणि डोकं गोल करण्यासाठी मालीशवाल्या मावशींना त्या सुजेवर हात फिरवू देऊ नका.

आईच्या वाट्याला येते ती खोल फाट. गुदद्वाराच्या स्नायूपर्यंत जाणारी जखम चिमट्यानं अधिक होते. ब्रिटनमधल्या प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजच्या माहितीनुसार साध्या प्रसूतीत १०० पैकी ३, व्हॅक्यूमनंतर ४ आणि चिमट्यानंतर ८ ते १२ बायकांना ती होते. नंतर काहींचा वायू किंवा शौचावर ताबा राहत नाही, आणि बाई ते सासरी-माहेरी कुणालाच सांगत नाही. हे बाळंतपणाचे भोग नव्हेत, यावर उपचार आहेत. डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

आईला होऊ शकणाऱ्या संसर्गावर तर सोपा उपाय सापडला आहे. ब्रिटनमध्ये झालेल्या, २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, व्हॅक्यूम किंवा चिमट्यानं झालेल्या प्रसूतीनंतर सहा तासांच्या आत शिरेतून प्रतिजैविकाचा एकच डोस दिल्यावर संसर्गाचं प्रमाण १९ टक्क्यांवरून ११ टक्क्यांवर आलं. तो डोस दिला का, हे तिथेच विचारून घ्या.

पुढच्या भागात : टाक्यांची काळजी.