लेग गार्ड बसवावा का?

नवी मोटरसायकल बुक करताना शोरूममधला मुलगा अ‍ॅक्सेसरीजचा कागद पुढे सरकवतो. सीट कव्हर, टँक पॅड, लेग गार्ड. आपण किंमत बघत असतो, तोवर सोबत आलेली आई सांगून टाकते, "तो गार्ड आधी लिहा." आमच्या बेळगावात तरी हे घरोघरी चालतं. पुढे भक्कम लोखंड असलं की पोरगा सुरक्षित, असा हिशेब असतो. तो कितपत खरा आहे?

गार्ड बसवावा, असंच माझं मत आहे. मात्र तो नेमकं काय वाचवतो, हे घरात सगळ्यांना माहीत हवं.

गाडी उभ्या उभ्याही पडते. साइड स्टँड ओल्या मातीत रुततो, वळवताना खडीवरून पाय सरकतो. इंजिनाच्या एका बाजूला क्लच कव्हर असतं, दुसऱ्या बाजूला मॅग्नेट कव्हर. दोन्ही ओतीव अ‍ॅल्युमिनियमची. दगडावर आपटून क्लच कव्हर तडकलं की ऑइल बाहेर येतं आणि गाडी तिथेच थांबते. जांबोटी ओलांडून चोर्ला घाटात हे झालं तर टेम्पो शोधण्याची वेळ येते. गार्ड हा मार स्वतःवर घेतो. शिवाय गाडी पूर्ण आडवी होत नाही, त्यामुळे पाय खाली अडकण्याची शक्यता कमी होते. क्लासिक ३५० सारखी १९५ किलोची गाडी असेल, तर ही मोठी गोष्ट आहे.

आता वेगात काय होतं ते पाहू. १५० किलोची गाडी जागेवर पडते तेव्हा तिचा गुरुत्वमध्य साधारण ३० सेंटिमीटर खाली येतो, म्हणजे सुमारे ४४० ज्यूल ऊर्जा. तीच गाडी ताशी ६० किलोमीटरने धावत असेल, तर नुसत्या गाडीचीच ऊर्जा २०,००० ज्यूलच्या वर जाते. जवळजवळ ४७ पट. त्या वेगाने समोरची कार किंवा कठडा आडवा आला, तर वाकवलेल्या पाइपकडून फार अपेक्षा ठेवू नये.

अमेरिकेत हॅरी हर्ट यांच्या पथकाने लॉस एंजेलिस भागातले ९०० हून अधिक मोटरसायकल अपघात प्रत्यक्ष तपासले. १९८१ च्या त्यांच्या अहवालात क्रॅश बारबद्दल स्पष्ट निष्कर्ष आहे: घोट्याच्या आणि पावलाच्या जखमा कमी होतात, पण गुडघा, नडगी आणि मांडीच्या वाढतात. गोळाबेरीज केली तर फायदा उरत नाही.

माझ्या धाकट्या मावसभावाने १२५ सीसीची गाडी घेतली, तेव्हा मावशीने गार्ड बसवून घेतला आणि मगच चोर्लामार्गे पणजीला जायची परवानगी दिली. मी तिला म्हटलं, "मावशी, हा गार्ड गाडीचा आहे, पोराचा नाही." तिने लगेच विचारलं, "मग पोराचा कुठला?" आयएस ४१५१ चा शिक्का असलेलं हेल्मेट, घोटा झाकणारे बूट, हातमोजे आणि पावसात घाटात कमी वेग. त्याच्या गाडीला एबीएस नव्हतं, म्हणून ओल्या रस्त्यावर ब्रेक हळूहळू दाबायची सवयही त्यात धरा.

गार्ड घेताना तो त्याच मॉडेलसाठी बनवलेला असावा आणि चासीवरच्या मूळ बोल्टांवर बसावा. चासीला भोक पाडणं किंवा वेल्डिंग करणं नको. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा. गार्ड हँडलपेक्षा रुंद नसावा, नाहीतर गर्दीत दुसऱ्याच्या गाडीत अडकतो. खालून उडणाऱ्या दगडांसाठी बॅश प्लेट वेगळी लागते. एकदा पडल्यावर गार्ड सरळ करून घेण्याआधी मेकॅनिककडून बोल्ट आणि चासी तपासून घ्या.

कायद्याचाही विचार करावा. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने वाहनांवरच्या क्रॅश गार्ड आणि बुल बारवर कारवाई करण्याचं पत्र राज्यांना पाठवलं. पादचारी आणि प्रवासी या दोघांनाही त्यांचा धोका आहे, हे त्यामागचं कारण. म्हणून बाजारातला अवाढव्य गार्ड टाळून कंपनीचा साधा घ्यावा.

आणि लांबच्या रस्त्यावर त्या गार्डवर पाय ताणून बसू नका. समोर म्हैस आडवी आली तर उजवा पाय ब्रेकवरच असलेला बरा.