तराजू हाती धरणाऱ्या आमच्या भगिनी

शहापूर आणि मुरबाड हे ठाणे जिल्ह्यातील दोन डोंगराळ तालुके. एकाच्या अंगावरून मुंबई-आग्रा महामार्ग आणि कसाऱ्याची रेल्वे धावते, तर दुसऱ्याच्या अंगावरून कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणारा रस्ता. या दोन्ही तालुक्यांच्या बाजारात कोणत्याही ऋतूत जा, तराजू बहुधा बाईच्याच हाती दिसेल. पावसाच्या तोंडावर शेवळे, मग कंटोली आणि टाकळा, उन्हाळ्यात करवंदे आणि जांभळे, बारा महिने भाजी आणि सुके बोंबील. यात कातकरी, ठाकूर, आगरी, कुणबी भगिनी आहेत, तशाच आपल्या बौद्ध वस्त्यांतल्याही आहेत. कोणी घरी शिलाई मशीन चालवते, कोणी पापड-मसाला करते, कोणी डबे देते, कोणी नाक्यावर चहाची टपरी सांभाळते.

पण यांपैकी एखादीला विचारा, "ताई, आपण काय करता?" उत्तर ठरलेले, "काही नाही, घरीच असते!" पहाटे चारला उठून चूल पेटवणारी, पाटी डोक्यावर घेऊन पहिली एसटी गाठणारी आणि त्या पैशांतून मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च भागवणारी बाई म्हणते की आपण काहीच करत नाही. शासकीय अर्जावरही तिच्या व्यवसायाच्या रकान्यात 'गृहिणी' एवढेच लिहिले जाते. जिथे व्यवसाय हा शब्दच तिच्या वाट्याला येत नाही, तिथे व्यवसायाची प्रेरणा कुठून यावी?

आमच्या भगिनींत हिंमत कमी आहे असे आम्हाला मुळीच वाटत नाही. कमी आहे ती सोबत, आणि कमी आहे तो हिशेब. या दोन गोष्टींविषयीच येथे लिहावयाचे आहे.

दीघजाणूला दिलेला उपदेश

तथागतांनी केवळ भिक्खूंनाच उपदेश केला, संसारी माणसाच्या पैशाअडक्याशी त्यांना कर्तव्य नव्हते, असा एक गैरसमज आहे. अंगुत्तर निकायातील व्यग्घपज्ज सुत्त वाचले की तो दूर होतो. कोलियांच्या कक्करपत्त नावाच्या गावी दीघजाणु हा गृहस्थ भगवंतांकडे आला आणि म्हणाला, आम्ही मुलाबाळांत राहणारी संसारी माणसे, आमच्या इहलोकीच्या हिताचे काही सांगा. तथागतांनी त्याला चार गोष्टी सांगितल्या. पहिली उट्ठानसंपदा, म्हणजे आपल्या कामात कुशल आणि उद्योगी असणे. दुसरी आरक्खसंपदा, म्हणजे कष्टाने मिळवलेले धन राजा, चोर, आग, पाणी आणि नावडते वारस यांच्यापासून राखणे. तिसरी कल्याणमित्तता, म्हणजे चांगल्या माणसांची संगत. चौथी समजीविता, म्हणजे मिळकत आणि खर्च यांचा तोल.

चौथी गोष्ट समजावताना भगवंतांनी दाखला दिला तो तराजूचा! तराजू धरणाऱ्याला जसे कळते की पारडे इतके खाली गेले, इतके वर आले, तसे गृहस्थाला आपले उत्पन्न आणि खर्च कळला पाहिजे. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा उपदेश आजच्या बाजारात बसणाऱ्या बाईला जसाच्या तसा लागू पडतो.

याच सुत्तात तलावाचाही दाखला आहे. तलावाला पाणी येण्याच्या चार वाटा आणि जाण्याच्या चार वाटा. जाण्याच्या वाटा उघड्या राहिल्या आणि येण्याच्या बंद झाल्या तर तलाव आटणारच. धन वाहून जाण्याच्या त्या चार वाटा म्हणजे बाहेरख्यालीपणा, दारू, जुगार आणि वाईट संगत. तानसा-भातसाच्या कुशीत राहणाऱ्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको. पाटी तिची, घाम तिचा, आणि संध्याकाळी तिच्या कनवटीचा पैसा गुत्त्यावर नाहीतर मटक्याच्या चिठ्ठीवर जातो, हे चित्र आपल्या वस्तीत नाही असे छातीवर हात ठेवून कोण सांगेल? म्हणून बँकेत तिच्या स्वतःच्या नावाचे खाते असणे ही चैन नव्हे, ती आरक्खसंपदा आहे.

वही का हवी?

आकडेमोड हे आमचे रोजचे काम, म्हणून एक साधे उदाहरण मांडतो. समजा, एका भगिनीने ६०० रुपयांचा कच्चा माल आणला, दोन दिवस खपून पापड केले आणि ते ८०० रुपयांना विकले. ती म्हणते, २०० सुटले. पण एसटीचे ६० रुपये, गॅसचे ५० आणि पिशव्यांचे २० असे १३० रुपये त्यातून गेले. उरले ७०. दोन दिवसांची मेहनत धरली तर दिवसाला पस्तीस रुपये पडले! हा धंदा नव्हे, ही फुकट वेठ झाली. वही असती तर दर वाढवायचा, दोघींनी मिळून एकाच खेपेत माल न्यायचा, की वेगळाच जिन्नस करायचा, हे तिला पहिल्याच महिन्यात कळले असते.

व्याजाचेही तसेच. शेकडा दरमहा पाच रुपये हे ऐकायला थोडे वाटतात, वर्षाला ते साठ टक्के होतात. एकाचा हप्ता भरायला दुसऱ्याचे कर्ज आणि दुसऱ्याचा भरायला तिसऱ्याचे, या चरकात सापडलेल्या भगिनी दोन्ही तालुक्यांत आहेत. बचत गटातले कर्ज शेकडा दरमहा दोन रुपयांनी घेतले तरी वर्षाला चोवीस टक्के पडतात, पण ते व्याज गटाच्याच पेटीत राहते, हा मोठा फरक. ज्या महामानवाने १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला, त्याच्या लेकींनी आठवड्याच्या बाजाराचा हिशेबही ठेवू नये काय?

लिहिता येत नाही, ही सबब आता मुरबाड तालुक्यात तरी चालणार नाही. याच तालुक्यातील फांगणे गावी ८ मार्च २०१६ रोजी शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठी ओलांडलेल्या आज्या गुलाबी नऊवारी नेसून पाटी-पेन्सिल घेऊन बसल्या आणि अंगठ्याच्या जागी सही करू लागल्या. त्यांतली एकटी आजी शाळेत गेली असती काय? सगळ्या निघाल्या म्हणून प्रत्येकीचे पाऊल निघाले.

शेजारच्या कल्याणचे उदाहरण

सोबतीचे बळ पाहायचे तर श्रीमती कल्पना सरोज यांचे चरित्र पाहावे. अकोला जिल्ह्यातील रोपरखेडा या गावी १९६१ साली एका बौद्ध कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील पोलीस खात्यात. बाराव्या वर्षी लग्न, सासरी छळ, वडिलांनी परत आणले, मग लोकांची बोलणी. सोळाव्या वर्षी त्या मुंबईला आल्या आणि दिवसाला दोन रुपयांवर शिवणकाम करू लागल्या. पुढे शासकीय योजनेतून ५० हजार रुपयांचे कर्ज घेऊन त्यांनी फर्निचरचा व्यवसाय उभा केला. बंद पडत आलेल्या कमानी ट्यूब्ज कारखान्याच्या कामगारांनी २००० साली त्यांना साकडे घातले आणि २००६ साली त्या त्या कंपनीच्या अध्यक्षा झाल्या. २०१३ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

हे चरित्र सांगताना सारे त्यांच्या धाडसाचे गोडवे गातात. धाडस होतेच. पण आम्हाला त्यातले दुसरेच काही मोलाचे वाटते. कर्जाची योजना समजून घेण्यासाठी स्वतः खेटे घातले, तर पुढे त्यांनी सुशिक्षित बेरोजगारांची संघटना बांधली, म्हणजे जे आपल्याला कळले ते इतरांनाही कळावे. त्या ओळखीतूनच त्यांचे नाव लोकांपर्यंत गेले. कल्याणमित्तता म्हणतात ती हीच.

बाजारातली जात

आता थोडे कडू बोलतो. भाजी कोणाचीही चालते, शिवलेले कपडेही चालतात. पण पापड, मसाला, डबा यांची वेळ आली की "कुठल्या आळीतल्या तुम्ही?" असा प्रश्न येतो. उत्तर ऐकून पुढच्या खेपेला गिऱ्हाईक येत नाही. म्हणून आपल्या काही भगिनी आडनाव सांगत नाहीत, पाकिटावर नुसते 'घरगुती' असे छापतात. संविधानाच्या पंधराव्या कलमाने दुकानाची दारे आपल्याला उघडून दिली, सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. कोणता दुकानदार आता आपल्याला पायरीवरून हाकलू शकत नाही. पण आपल्या हातचे विकत घ्याच, अशी सक्ती कोणता कायदा गिऱ्हाइकावर करणार?

नाव लपवणाऱ्या भगिनीला आम्ही दोष देणार नाही, तिला चूल पेटवायची आहे. प्रश्न समाजाला आहे. एकटी असते म्हणून तिला लपवावे लागते. दहाजणी एकत्र आल्या, एकाच नावाने, एकाच चवीने, स्वच्छ बांधणीने आणि अन्न सुरक्षा कायद्याची नोंदणी करून माल विकू लागल्या, तर कोणीही मान वर करून आपले नाव सांगेल.

आणि तिचे पहिले गिऱ्हाईक कोणी व्हायचे? चौदा एप्रिलची जयंती, धम्मचक्र प्रवर्तन दिन, नामकरण, मंगल परिणय, गृहप्रवेश. या कार्यक्रमांचे जेवण आपण बाहेरच्या केटररला देतो, आणि उत्तम स्वयंपाक करणारी आपली ताई त्याच मंडपात पंगतीला बसलेली असते! दुसरी गोष्ट त्याहून वाईट. आपलीच आहे म्हणून तिच्याकडे माल उधार मागायचा, आणि बाजारातल्या दुकानदाराला मात्र रोख द्यायचे. बंधूंनो, ही आपुलकी नव्हे. आपल्या माणसाचे पैसे आधी द्यावेत, याला आपुलकी म्हणतात.

मंडळ आहेच, कामाला लावा

यासाठी नवी संस्था काढण्याची गरज नाही. जवळजवळ प्रत्येक वस्तीत महिला मंडळ आहे. वर्षावासात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या वाचनाला भगिनी जमतात. वंदना झाल्यावर आणखी अर्धा तास बसावे. प्रत्येकीने आपली वही उघडावी, या आठवड्यात काय विकले, काय अडले ते सांगावे. कोणाला कल्याणचा घाऊक भाव ठाऊक असतो, कोणाला बँकेतला चांगला साहेब ठाऊक असतो. एकीला ठाऊक असलेले दहाजणींचे व्हावे.

विचारण्याजोगी दारेही आहेत. महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ पासून आहे, महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ १९७८ पासून. बचत गटांना बँकेशी जोडण्याचे काम नाबार्डने १९९२ साली सुरू केले. रस्त्यावर बसून विकणाऱ्यांसाठी २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. शहापूर आणि मुरबाड या दोन्ही ठिकाणी आता नगरपंचायत आहे. या कायद्याने नेमायच्या नगर पथविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के सदस्य पथविक्रेत्यांचे आणि त्यांतील एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात, अशी तरतूद आहे. त्या खुर्चीवर आपली भगिनी का नसावी? एकटी गेली तर तिला उद्या या म्हणतील, दहाजणी गेल्या तर बसा म्हणतील.

२० जुलै १९४२ रोजी नागपूरला दलित महिलांची परिषद भरली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्षस्थानी होत्या, परमपूज्य बाबासाहेबांचे भाषण झाले. हजारो स्त्रिया आल्या आणि त्यांनी गिरणीत, विडी कारखान्यांत राबणाऱ्या स्त्रियांच्या हक्काचे ठराव केले. राबणाऱ्या बाईचे काम हे काम आहे, हे त्या आयाबायांनी तेव्हाच सांगून ठेवले. त्यांच्या नातींनी "काही नाही, घरीच असते" असे का म्हणावे?

भगिनींनो, येत्या रविवारी विहारात जाताना पिशवीत एक वही टाका. आणि पुढच्या वेळी कोणी विचारले की काय करता, तर ताठ मानेने सांगा, "माझा धंदा आहे!"

जय भीम!