छतावर काही दिसत नाही, तरी स्कॅनर बोलतो : अमेरिकेतल्या घरांत अँटेना माळ्यावर का लपवतात?

जुलै २०२४ मध्ये 'बेरिल' चक्रीवादळ टेक्सासच्या किनाऱ्यावर धडकलं आणि ह्यूस्टन परिसरात २० लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली. अनेक घरांत ती कित्येक दिवस परतली नाही. अशा वेळी वाय-फाय बंद पडतं, मोबाइल नेटवर्कचाही भरवसा राहत नाही. बॅटरीवरचा रेडिओ स्कॅनर मात्र चालू राहतो. हवामान खात्याचे इशारे, अग्निशमन दलाची धावपळ, वरून जाणाऱ्या विमानांचं बोलणं तो टिपू शकतो.

पण त्यासाठी अँटेना चांगला लागतो. स्कॅनरसोबत मिळणारा वीतभर रबरी अँटेना दूरचे सिग्नल नीट पकडत नाही. मग छतावर मोठा का लावत नाहीत? कारण होम ओनर्स असोसिएशन, म्हणजे आपल्याकडच्या हाउसिंग सोसायटीची थोरली बहीण. घराचा रंग, कुंपणाची उंची, अंगणातलं गवत असं सगळं तिच्या नियमात असतं. नियम मोडला की आधी पत्र येतं, मग दंड.

टीव्हीच्या बाबतीत मात्र असोसिएशनचे हात बांधलेले आहेत. अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाने, म्हणजे एफसीसीने, १९९६ साली केलेल्या नियमामुळे एक मीटरपर्यंतची डिश किंवा टीव्हीचा अँटेना घरमालकाने स्वतःच्या जागेत लावला, तर सहसा मनाई करता येत नाही. स्कॅनरच्या अँटेनाला हे संरक्षण नाही. म्हणून हौशी लोक माळ्यावर चढतात.

माळा का चालतो?

तिथली बरीच घरं लाकडी सांगाड्याची असतात आणि छतावर डांबरी शिंगल्स असतात. रेडिओ लहरी यातून थोड्या क्षीण होऊन का होईना, आत येतात. पत्र्याचं छत असेल तर हा बेत तिथेच संपतो. दुसरा शत्रू पटकन दिसत नाही. उष्णता रोखण्यासाठी टेक्साससारख्या राज्यांत अनेक छतांना आतून ॲल्युमिनियमचा चकचकीत थर असतो आणि तो सिग्नलही रोखतो. त्यामुळे काही विकत घेण्याआधी स्कॅनर हातात धरून माळ्यावर जावं. खिडकीपाशी येतं त्यापेक्षा तिथे कमी ऐकू आलं, तर अँटेना खिडकीतच बरा.

उन्हाळ्यात हे काम पहाटे करावं, कारण दुपारी माळ्याची भट्टी होते. पाय फक्त लाकडी तुळयांवर ठेवावा. मधल्या जिप्सम बोर्डवर पडला, तर थेट खालच्या बेडरूमच्या छतातून बाहेर येतो.

लांबी कशी ठरते?

सर्वांत सोपा अँटेना पाच तारांचा. केबलच्या पॅनल सॉकेटला मधोमध एक उभी तार सोल्डर करायची आणि सॉकेटच्या चार कोपऱ्यांतल्या भोकांत नट-बोल्टने चार तारा बसवून त्या तिरक्या खाली वाकवायच्या. प्रत्येक तार लहरीच्या लांबीच्या साधारण एक चतुर्थांश हवी. ७५०० ला मेगाहर्ट्झच्या आकड्याने भागलं की ही लांबी सेंटीमीटरमध्ये मिळते. त्यातून पाचेक टक्के कमी करायचे.

विमानांचं बोलणं ११८ ते १३७ मेगाहर्ट्झमध्ये चालतं, म्हणून तिथे तार सुमारे ५६ सेंटीमीटर. हवामान खात्याचं चोवीस तास चालणारं प्रसारण १६२.४ ते १६२.५५ मेगाहर्ट्झवर असतं, त्यासाठी ४४. अनेक शहरांच्या आपत्कालीन सेवा ८५० मेगाहर्ट्झच्या आसपास आहेत, तिथे जेमतेम साडेआठ. एका मापाचा अँटेना तिप्पट फ्रिक्वेन्सीवरही बऱ्यापैकी चालतो, त्यामुळे १५५ साठी कापलेला ४६५ वर उपयोगी पडतो.

केबलमध्ये कंजुषी केली की सगळी मेहनत पाण्यात. फ्रिक्वेन्सी वाढते तसा केबलमधला ऱ्हास वाढतो. टीव्हीसाठी मिळणारी साधी आरजी-६ केबल इथे बारीक आरजी-५८ पेक्षा चांगली ठरते. तरीही ८५० मेगाहर्ट्झला १५ मीटरमध्ये जवळपास निम्मी शक्ती गळते. म्हणून स्कॅनर शक्यतो माळ्याखालच्याच खोलीत ठेवावा. अँटेना एसीच्या धातूच्या डक्टपासून आणि विजेच्या वायरिंगपासून दूर टांगावा.

कायदा काय म्हणतो?

अमेरिकेत घरी स्कॅनर ऐकणं साधारणपणे कायदेशीर आहे. मोबाइलवरची संभाषणं ऐकणं मात्र १९८६ पासून गुन्हा आहे. न्यूयॉर्क, फ्लोरिडासारख्या राज्यांत गाडीत स्कॅनर ठेवण्यावर निर्बंध आहेत. शिवाय अनेक शहरांचे पोलिस आता संभाषण एन्क्रिप्ट करतात. न्यूयॉर्क पोलिसांनी २०२३ मध्ये याची सुरुवात केली. एन्क्रिप्ट केलेलं संभाषण कितीही चांगल्या अँटेनाने उलगडत नाही. हवामान खातं आणि विमानं मात्र अजून उघडपणे ऐकू येतात.

टेक्सासमधल्या एखाद्या मराठी कुटुंबाने सुट्टीला घरी येताना हाच स्कॅनर बॅगेत टाकला, तर गोष्ट वेगळी. भारतात १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्याने परवान्याशिवाय बिनतारी यंत्र नुसतं बाळगण्यालाही मनाई केली. २०२३ च्या दूरसंचार कायद्यातही रेडिओ उपकरण बाळगण्यासाठी परवानगीची अट आहे. आकाशवाणी ऐकण्याच्या साध्या रेडिओला परवाना लागत नाही, पण स्कॅनर म्हणजे साधा रेडिओ नव्हे.