विश्लेषण : बँकेच्या नावाने आलेला ई-मेल खरा की बनावट?

‘केवायसी अपूर्ण आहे, २४ तासांत खाते गोठवले जाईल’ असा ई-मेल बँकेच्या नावाने येतो. बोधचिन्ह, रंग, खाली मुख्यालयाचा पत्ता, सारे हुबेहूब. पण हे सगळे कोणालाही उतरवून घेता येते. म्हणूनच मेलच्या रूपापेक्षा त्यातील पत्ते तपासणे महत्त्वाचे.

पाठवणारा कोण, हे कसे कळते?

मोबाइलवर सहसा पाठवणाऱ्याचे फक्त नाव दिसते आणि ते भामट्यानेच टाकलेले असू शकते. नावावर टॅप करून पूर्ण पत्ता उघडावा आणि ‘@’ नंतरचा भाग वाचावा. तेथे जीमेलसारखी मोफत सेवा असेल किंवा बँकेच्या नावात एखादे अक्षर कमी-जास्त असेल, तर मेल बनावट समजावा. मात्र पाठवणाऱ्याचा पत्ताही खोटा दाखवता येतो. त्यामुळे तो बरोबर दिसला तरी लिंक तपासावीच.

लिंकमध्ये काय पाहावे?

रिझर्व्ह बँकेने बँकांना आपली संकेतस्थळे ‘डॉट बँक डॉट इन’ या केवळ बँकांसाठी राखीव असलेल्या पत्त्यावर नेण्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ची मुदत दिली होती. लिंकवर बोट दाबून धरल्यास बहुतेक फोनवर तिचा पत्ता दिसतो. सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघांनंतर पुढची एकेरी रेघ येईपर्यंतचा भाग वाचावा. त्याचा शेवट ‘डॉट बँक डॉट इन’ असा हवा. हे शब्द मध्येच येऊन त्यापुढे ‘डॉट कॉम’ वगैरे जोडलेले असेल, तर ते संकेतस्थळ बँकेचे नाही. कुलपाचे चिन्ह बनावट संकेतस्थळावरही असू शकते.

सर्वांत सुरक्षित मार्ग कोणता?

लिंक न उघडता बँकेचे ॲप उघडावे. केवायसी खरोखरच बाकी असेल, तर तेथे किंवा शाखेत कळेल.

माहिती दिली गेली तर?

ग्राहकाने पासवर्ड किंवा ओटीपी दिल्याने पैसे गेल्यास बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे, त्यानंतरचे बँकेचे, अशी तरतूद रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकात होती. म्हणून लाज किंवा भीतीपोटी वेळ दवडू नये. तातडीने बँकेला कळवून कार्ड व नेटबँकिंग बंद करून घ्यावे, तक्रार क्रमांक जपून ठेवावा. पाठोपाठ १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. रक्कम भामट्याने काढून घेण्याआधी तक्रार पोहोचली, तर ती रोखून धरता येऊ शकते. तो मेल मात्र डिलीट करू नये. तपासात तोच पुरावा ठरतो.