परिचारिकेच्या हातातला पहिला उपचार

बीड जिल्ह्यातील शिरूर कासार हा ऊसतोड कामगारांचा तालुका. हंगामी स्थलांतरामुळे गर्भवतींच्या तपासणीत खंड पडतो. प्रसूतीनंतर अतिरक्तस्राव झाल्यास जिल्हा रुग्णालय गाठेपर्यंतचा उपचार परिचारिकेच्याच हाती असतो.

तसा अधिकार तिला आहे काय? आहे. केंद्र शासनाच्या २००५ च्या धोरणानुसार प्रशिक्षित परिचारिका ऑक्सिटोसिन आणि झटके आल्यास मॅग्नेशियम सल्फेटची पहिली मात्रा देऊ शकते. मात्र सरावाअभावी कौशल्य गंजते.

चार आफ्रिकी देशांतील, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रक्तस्राव अंदाजाने न ठरवता मोजला गेला आणि सर्व उपचार एकदम सुरू करण्यात आले. गंभीर परिणाम ६० टक्क्यांनी घटले. म्हणूनच निरंतर शिक्षण व्याख्यानांपुरते न राहता प्रसूतिगृहातील नियमित सरावाशी जोडले जाणे आवश्यक ठरते.